मेटफॉर्मिनचा एक नियम संगणकाला शिकवताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा दवाखाना वडिलांनी सुरू केला. मी तिथे ३१ वर्षं बसतेय. गेली चार वर्षं प्रिस्क्रिप्शन संगणकावर लिहिते, आणि लिहिताना तो मला मधूनमधून टोकतो: या बाईंची किडनी बघितलीत का, या दोन गोळ्या एकत्र चालतील का. हे टोकणं त्याला मी आणि माझ्या भाच्याने मिळून शिकवलं. भाचा इंजिनीअर आहे, मी एमडी मेडिसिन. त्याला औषधं कळत नव्हती, मला कोड कळत नव्हता, आणि त्याचा फायदाच झाला, कारण प्रत्येक गोष्ट एकमेकांना नीट सांगावी लागली.

आपल्या दवाखान्यात किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात ज्यांना असं काही उभं करायचं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पन्नास नियमांची वरवर ओळख करून देण्यापेक्षा एकच नियम, डायबिटीसच्या मेटफॉर्मिन या गोळीचा, मुळापासून दाखवते. तो जमला की बाकीचे त्याच वाटेने जातात.

आधी कागदावर, मराठीत

कोणत्याही सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी नियम एका वाक्यात लिहा. मी लिहिलं: "किडनी खराब असेल तर मेटफॉर्मिन देऊ नये." भाच्याने विचारलं, "मावशी, खराब म्हणजे किती?" मी म्हटलं, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) दीडच्या वर. कॉलेजात तेच शिकले होते. अमेरिकेतल्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामकाच्या, जुन्या सूचनेतही पुरुषांना १.५ आणि बायकांना १.४ हीच रेघ होती. पण २०१६ साली एफडीएने ती पुसली आणि ईजीएफआरवर नेली, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याच्या अंदाजावर.

हा फरक किती मोठा आहे ते आकडे मांडल्यावर कळलं. ६८ वर्षांची बाई, क्रिएटिनिन १.४. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर येतो ४१. ३५ वर्षांचा तरुण, क्रिएटिनिन तेच १.४, त्याचा येतो ६७. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण बाईंच्या बाबतीत थांबून विचार करायचा आणि तरुणाच्या बाबतीत या कारणासाठी काहीच करायचं नाही. मी "दीडच्या वर" एवढंच घालून मोकळी झाले असते तर बाईंच्या वेळी संगणक गप्प बसला असता. म्हणून आपल्या वाक्यातलं प्रत्येक विशेषण खोडा आणि तिथे मोजता येईल असं काहीतरी लिहा. आणि ते सूत्र १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे, हेही नियमातच लिहा. डोक्यात ठेवू नका.

एकाच गोष्टीला दहा नावं

आमच्याकडे निम्मे पेशंट गुजराती. ते "ताव आवे छे" म्हणतात तेव्हा त्यांना ताप असतो, आपल्या मराठी कानाला मात्र ताव म्हणजे राग नाहीतर कागद. "झाडा" म्हणजे जुलाब. "गभरामण" हा शब्द तर छातीतल्या धडधडीपासून दम लागण्यापर्यंत आणि साध्या काळजीपर्यंत सगळ्याला वापरतात. रिसेप्शनवरच्या बेन जे ऐकतील ते टाइप करतात. संगणकाने यातून काय समजायचं?

उपाय असा: संकल्पनेला एक क्रमांक द्यायचा आणि सगळी नावं त्या क्रमांकाला टांगायची. क्रमांक स्वतः तयार करू नका, तयार आहेत. आजारांसाठी स्नोमेड सीटी, ज्यात टाइप २ डायबिटीसचा कोड ४४०५४००६ आहे. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य असल्याने आपल्याला तो विनामूल्य वापरता येतो. तपासण्यांसाठी लॉइंक, ज्यात रक्तातल्या क्रिएटिनिनचा कोड २१६०-० आहे. मराठी-गुजराती नावांचा तक्ता मात्र स्वतःच करावा लागतो, आणि तो डॉक्टरनेच करावा. "गभरामण"ला आम्ही कोणताही एक कोड दिला नाही. तो शब्द आला की पडदा विचारतो: धडधड, दम, की भीती? जिथे बोलीतला शब्द खरोखरच धूसर आहे, तिथे संगणकाने परस्पर अर्थ लावून टाकू नये.

बडोद्याच्या माणसाला ही कल्पना परकी वाटायला नको. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा 'श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू' निघाला. एका शब्दासमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द, ओळीने. आमचा तक्ता त्याच घाटाचा आहे, फक्त डावीकडच्या पहिल्या रकान्यात शब्दाऐवजी क्रमांक आहे.

औषधांत गोंधळ आणखी वाढतो. आपल्याकडे मेटफॉर्मिन पुष्कळदा एकटं येत नाही. ग्लिमेपिराइड, व्हिल्डाग्लिप्टिन अशा डायबिटीसच्या दुसऱ्या औषधांबरोबर येतं, कधी तिघं एका गोळीत, आणि पाकिटावर ब्रँडच्या नावाला नुसतं एक "एम" चिकटवलेलं असतं. नियम ब्रँडच्या नावावर लिहिलात तर निम्मी पाकिटं निसटतील. तीन पातळ्या ठेवा: ब्रँड, त्यातले घटक आणि प्रत्येकाची मात्रा, आणि घटकाचा गट. मेटफॉर्मिनचा नियम घटकावर लिहायचा. वेदनाशामकांचा आणि किडनीचा नियम गटावर लिहायचा, म्हणजे डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सगळी एकदम पकडली जातात. आमची ब्रँडची यादी खालच्या मेडिकलवाल्या भाईंनी तपासून दिली. कुठलं पाकीट नवीन आलं ते त्यांना माझ्याआधी कळतं, म्हणून दर महिन्याला आम्ही त्यांच्याकडेच जातो.

आकड्याला एकक नसेल तर तो घेऊच नका

डिसेंबरात लंडन-टोरांटोची मंडळी लग्नांना येतात आणि तिकडचे रिपोर्ट आणतात. तिकडे क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. आपलं १.४ म्हणजे त्यांचं १२४, ८८.४ ने गुणायचं. साखर उलटी: त्यांचं ७.८ म्हणजे आपलं १४०. १८ ने गुणायचं. इंग्लंडचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५३ आला तर घाबरू नका, तो आपला ७ टक्के. म्हणून रकाना कधीच नुसत्या आकड्याचा नको. आकडा, एकक, रक्त कधी काढलं, कुठल्या लॅबने तपासलं, हे चार एकत्रच साठवा. एकक लिहिलेलं नसेल तर आकड्यावरून अंदाज बांधून नियम चालवू नका, विचारा. सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये माहितीची देवाणघेवाण एफएचआयआर या पद्धतीने होते. त्यात हे सगळे रकाने आधीच ठरलेले आहेत, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच धर्तीवर ठेवा.

रिकामा रकाना

या भागासाठी खरं तर हा सगळा लेख लिहिलाय.

पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक आजी आल्या. वय ७२, डायबिटीस जुना, दोन दिवस उलट्या-जुलाब. जवळचा रक्ताचा रिपोर्ट नव्हता. मी चालू गोळ्यांची यादी पडद्यावर आणली, संगणकाने काही टोकलं नाही. त्याचं गप्प बसणं मी "ठीक आहे" असं वाचलं आणि मेटफॉर्मिन यादीत तशीच राहू दिली. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला: "आईंना सकाळपासून लघवी झाली नाही, सगळ्या गोळ्या द्यायच्या का?" मी ताबडतोब थांबवायला सांगितलं आणि रक्त घ्यायला माणूस पाठवला. क्रिएटिनिन ३.१. आजींना दाखल केलं, आठवड्याने बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या सुनेने विचारलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सुटत नाही.

त्या रात्री भाच्याबरोबर बसून शोधलं. क्रिएटिनिनचा रकाना रिकामा होता. प्रोग्रॅमने रिकाम्याचा शून्य केला. सूत्रात शून्याचा ऋण घात घेतला की उत्तर अनंत येतं. मग नियमाने विचारलं, अनंत ३० पेक्षा कमी आहे का? नाही. म्हणजे किडनी उत्तम. गणित प्रत्येक पायरीवर बरोबर होतं, आणि ज्या बाईंबद्दल काहीच माहीत नव्हतं त्यांना आमच्या यंत्राने जगातली सर्वांत निरोगी किडनी बहाल केली होती.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही माहिती दोन किमतींची नाही. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीला तीन उत्तरं आहेत: आहे; विचारलं, नाही; विचारलंच नाही. शेवटची दोन वेगळी आहेत, हे कागदाच्या केसपेपरवर आपल्याला न सांगता कळायचं, कारण अक्षर आपलंच असायचं. संगणकात ते मुद्दाम लिहावं लागतं. आणि प्रत्येक नियमात "माहीत नाही" याची स्वतंत्र ओळ हवी.

काळाचंही तसंच. "शेवटचं क्रिएटिनिन" म्हणजे रक्त काढल्याच्या तारखेने शेवटचं, टाइप केल्याच्या तारखेने नव्हे. प्रकृती स्थिर असेल तर आम्ही सहा महिन्यांपर्यंतचं धरतो. उलट्या, जुलाब किंवा कमी झालेली लघवी नोंदलेली असेल तर दोन दिवसांपेक्षा जुनं काहीही "माहीत नाही" मध्ये जातं. या मुदती आमच्या दवाखान्याने ठरवल्या आहेत, तुम्ही तुमच्या पेशंटकडे बघून ठरवा. पण ठरवा आणि लिहा.

मग आमचा नियम असा झाला:

ईजीएफआर ३० च्या खाली: मेटफॉर्मिन बंद.
३० ते ४५ च्या खाली, नवीन सुरू करायचं असेल: सुरू करू नका.
३० ते ४५ च्या खाली, आधीपासून चालू असेल: फायदा-धोका पुन्हा तोला, मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत आणा.
४५ किंवा वर: गप्प.
माहीत नाही, प्रकृती स्थिर: तपासणी सुचवा.
माहीत नाही, उलट्या-जुलाब किंवा लघवी कमी: थांबवा, आजच तपासा.

ओळी लिहून झाल्या की फटी शोधा. ४४.६ कुठे जातो? लॅबच्या रिपोर्टवर तो ४५ छापून येतो. आम्ही पूर्णांक करूनच तुलना करतो, म्हणजे कागद आणि पडदा एकच बोलतात.

नियमाबरोबर त्याचं कारण

१९७० च्या दशकात स्टॅनफर्डला मायसिन नावाचा प्रोग्रॅम झाला, जंतुसंसर्गावर प्रतिजैविक सुचवणारा, सुमारे ६०० नियमांचा. तो रोजच्या वापरात कधी आला नाही. पण त्याला "का?" विचारलं की तो आपला नियम दाखवायचा, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९८९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आर्डन होमस्टेडला झालेल्या बैठकीतून आर्डन सिंटॅक्स ही वैद्यकीय नियम लिहायची संगणकभाषा आली. तिच्यात प्रत्येक नियम म्हणजे एक स्वतंत्र पान: शीर्षक, लेखक, आवृत्ती, कशाने जागा होतो, तर्क, कृती. भाषा कुठलीही वापरा, पण हे पान ठेवाच. त्यात "आधार" आणि "पुन्हा पाहायची तारीख" असे दोन रकानेही ठेवा. २०१६ सारखा बदल झाला की कुठला नियम उघडायचा ते लगेच कळतं.

आर्डनमध्ये स्थानिक डेटाबेसमधून माहिती आणणारा भाग महिरपी कंसात असायचा, आणि प्रत्येक हॉस्पिटलात तो नव्याने लिहावा लागायचा. त्यातून घ्यायचं ते एवढंच: वैद्यकीय तर्क एका जागी ठेवा, "क्रिएटिनिन आमच्या टेबलात कुठे सापडतं" हे दुसऱ्या जागी. ट्रस्टच्या दवाखान्याला आमचे नियम दिले तेव्हा फक्त दुसरा भाग बदलावा लागला.

सगळं जर-तरमध्ये बसतही नाही. पोटदुखीसारख्या ठिकाणी प्रत्येक लक्षणाला वजन द्यावं लागतं. इंग्लंडमधल्या लीड्सला डी डोम्बल या डॉक्टरांनी १९७२ साली ३०४ पेशंटवर बेझच्या संभाव्यतेने, म्हणजे प्रत्येक लक्षणागणिक आजाराची शक्यता बदलत नेऊन, ते केलं, आणि संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६. पण अशी वजनं आपल्याच पेशंटवरून काढायला हवीत. ऑगस्टातला बडोद्याचा ताप आणि लीड्सचा ताप एका मापाने तोलता येत नाही.

किती वेळा टोकायचं, यावर हात आखडता ठेवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं की औषधांच्या सुरक्षेचे इशारे डॉक्टर ४९ ते ९६ टक्के वेळा डावलतात. आमच्याकडे फक्त "बंद" आणि "थांबवा" या दोन ओळी काम अडवतात. बाकी सगळं समासात पिवळ्या रंगात. डावललं तर कारण एका ओळीत लिहावं लागतं, आणि ती कारणं मी दर रविवारी वाचते. तीच ती सबब वारंवार दिसली तर नियम दुरुस्त करायचा, डॉक्टरला बोलायचं नाही.

शेवटी तपासणी. खऱ्या पेशंटच्या आधी कागदी पेशंट तयार करा. आमच्याकडे ४० कार्डं आहेत: टोरांटोचं एकक, तिघं एका गोळीत, १७ वर्षांचा मुलगा, बरोबर ३० वर असलेला माणूस. प्रत्येकावर अपेक्षित उत्तर आधी लिहिलेलं, प्रोग्रॅम चालवण्याआधी. एक ओळ जरी बदलली तरी सगळी कार्डं पुन्हा चालवायची. पहिलं कार्ड नेहमी हेच असतं:

स्त्री, ७२ वर्षं. टाइप २ डायबिटीस, मेटफॉर्मिन चालू. दोन दिवस उलट्या-जुलाब. क्रिएटिनिन: रिकामं. अपेक्षित उत्तर: थांबवा, आजच तपासा.