राक्षस खेळवायचाय? मग डीएमनं या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळात डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवतो. नवीन कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीची, चर्चा सुरू झाली की टेबलावरचा कुणीतरी माणूस, एल्फ, ड्वार्फ सगळे बाजूला सारून म्हणतोच, "भावा, मला ट्रोल पाहिजे." कोल्हापुरात तर ही मागणी यायचीच. देवीनं वध करताना कोल्हासुरानं वर मागितला आणि त्याचं नाव या गावाला लागलं, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकलेली. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटताना बघितलेल्या पोराला असुर खेळावासा वाटला, तर त्याला नाही म्हणू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1974 च्या पहिल्याच नियमपुस्तिकेत अशी मुभा आहे. अगदी ड्रॅगनसुद्धा खेळता येईल. अट एवढीच की सुरुवात लहान, कमी ताकदीच्या ड्रॅगनपासून करायची आणि हळूहळू वर जायचं. पन्नास वर्षं झाली तरी मला यापेक्षा चांगला सल्ला सापडलेला नाही, आणि बहुतेक टेबलं बिघडतात ती हाच सल्ला सोडल्यामुळं.

खालचे आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथं, 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत.

मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक थेट प्लेअरच्या हातात देणं

स्टॅट ब्लॉक म्हणजे मॉन्स्टरच्या ताकदीचे आकडे. ओगर या धिप्पाड राक्षसाला 59 हिट पॉइंट (आडवा पडेपर्यंत झेलता येणारा मार) असतात आणि त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी 13 डॅमेज देतो. शेजारी बसलेल्या पहिल्या लेव्हलच्या फायटरकडं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14 असेल तर हिट पॉइंट 12. म्हणजे ओगरचा एक फटका आणि फायटर आडवा. पण हेच दोघं पाचव्या लेव्हलला बघा. फायटर आता एका टर्नला दोनदा तलवार चालवतो, दोन्ही वार लागले तर बाविसेक डॅमेज काढतो, आणि ओगर अजून त्याच 13 वर. सुरुवातीला सगळ्यांना झाकून टाकणारा राक्षस चार लेव्हलमध्ये मागं पडतो, आणि मग तोच प्लेअर कंटाळतो. मॉन्स्टर दोन-चार राउंड लढून मरण्यासाठी लिहिलेला असतो, त्याला पुढं वाढायचं नसतं. चॅलेंज रेटिंगही चार जणांच्या पार्टीला तो किती जड जाईल हे सांगतं. त्याला लेव्हल समजू नका.

तिसऱ्या आवृत्तीत यावर उपाय काढला होता, लेव्हल अॅडजस्टमेंटचा. बैलतोंड्या मिनोटॉरचे सहा रेशियल हिट डाइस (जातीमुळंच मिळणारे फासे) आणि वर दोनची अॅडजस्टमेंट, म्हणजे तो आठव्या लेव्हलचा धरायचा. कागदावर हिशोब बरोबर. पण त्या मिनोटॉरला विझार्ड (जादूगार) व्हायचं असेल तर? नवव्या लेव्हलच्या पार्टीत माणूस विझार्ड पाचव्या दर्जाचे स्पेल (मंत्र) टाकणार आणि मिनोटॉर पहिल्या दर्जाचे, कारण विझार्ड म्हणून त्याची ही पहिलीच लेव्हल. म्हणून जुनी पुस्तकं असली तरी ही पद्धत आज वापरू नका.

डॅमेज मोजत बसणं आणि इम्युनिटीकडं दुर्लक्ष करणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दोन-तीन डॅमेज जास्त असल्यानं टेबल मोडत नाही. एखादी अडचणच कायमची पुसून टाकणारी ताकद दिली की मोडतं.

समजा तुम्ही पन्हाळ्यावरच्या अंधारबावेसारखी तीन मजली विहीर नकाशावर काढलीत, तळाशी चोरवाट ठेवलीत आणि मधल्या मजल्यावर विषारी धूर सोडलात. पार्टीनं दोर, ओलं फडकं, क्लेरिकचे (पुजाऱ्याचे) स्पेल यांची जुळवाजुळव करत उतरावं अशी तुमची कल्पना. पार्टीत विषाची इम्युनिटी असलेला नागवंशी असेल तर तो पायऱ्या उतरून जातो आणि खालून हाक मारतो. बाकीच्यांना करायला काही उरत नाही. 2016 च्या युआन-टी या नागवंशी जातीला पहिल्या लेव्हलपासून विषाची इम्युनिटी आणि स्पेलविरुद्ध प्रत्येक सेव्हिंग थ्रोला (बचावाच्या फाशाला) अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला घ्यायची मुभा) होता. 2022 मध्ये विषाची इम्युनिटी काढून रेझिस्टन्स दिला गेला. तुम्हीही तेच करा. निम्मं डॅमेज तरी लागू दे, म्हणजे विष त्याच्यासाठीही विषच राहील.

ट्रोलच्या रीजनरेशनचं दुखणं असंच. मूळ मॉन्स्टर दर टर्नला 10 हिट पॉइंट भरून काढतो. याच्या जवळचं काहीतरी प्लेअरच्या फायटरला कधी मिळतं बघा: चॅम्पियन या फायटरच्या प्रकाराला अठराव्या लेव्हलला, आणि तेही हिट पॉइंट निम्म्यावर किंवा त्याखाली आले असतील तरच. यावरून पहिल्या लेव्हलला ट्रोलला किती द्यायचं याचा अंदाज येतो. आमच्या राजारामपुरीच्या टेबलावर असुर असा बांधला: पहिल्या लेव्हलला नखं, 1d6 (सहा बाजूंचा एक फासा) डॅमेज, आणि जास्त ओझं उचलायची ताकद. पाचव्याला दिवसातून एकदा, एका मिनिटापुरता मोठा आकार. नवव्याला रीजनरेशन, प्रोफिशियन्सी बोनसइतकंच (लेव्हलप्रमाणं वाढणारा कौशल्याचा आकडा), निम्म्याखाली असताना, आणि आग किंवा अॅसिड लागलं की पुढच्या टर्नला बंद. प्रत्येक टप्प्याला त्या प्लेअरचा चेहरा उजळायचा. सगळं पहिल्याच दिवशी दिलं असतं तर पुढं वाट बघण्यासारखं काही राहिलं नसतं.

पहिल्या लेव्हलला पंख

विझार्डला फ्लाय स्पेल पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही मर्यादित वेळ आणि कॉन्सन्ट्रेशन लावून. आराकोक्रा या पक्षीमानवाला सुरुवातीच्या नियमांत 50 फूट उडता यायचं, फुकट. मसाई पठारासारख्या उघड्या माळावर लांडग्यांची टोळी आली तर तो वर जाऊन धनुष्य चालवणार, 150 फुटांवरून. लांडगे काय करणार? पाचव्या लेव्हलपर्यंत टर्न संपताना जमिनीवर उतरायलाच हवं, एवढा एक नियम लावा, बहुतेक प्रश्न मिटतो. सगळ्या लढाया गुहेत नेऊ नका. प्लेअरनं पंख मागितले ते छताखाली बसायला नव्हे.

ताकदीची किंमत गावकऱ्यांकडून वसूल करणं

"तू लढाईत भारी आहेस ना, मग गावात तुला कुणी उभं करणार नाही" हा सौदा वाईट. गावाच्या वेशीवर त्याला अडवलं की सोबतचे चौघंही अडकतात, आणि प्रत्येक सेशनचा पहिला तास पहारेकऱ्याची समजूत घालण्यात जातो. लढाईतला फायदा मात्र तसाच राहतो. दुसऱ्या बाजूनं, जो प्लेअर वेशीवरच अपमान झेलत बसतो त्याला मजा कसली येणार? गावात भीती असू द्या, पण तिला वळण द्या. एखाद्या म्हातारीला त्याच्या कुळाची जुनी गोष्ट ठाऊक असेल, एखादा पाटील त्यालाच राखणीला ठेवेल.

उणे आकड्यांनीही तोल साधत नाही. 2016 च्या कोबोल्ड या बुटक्या, सरड्यासारख्या जातीला स्ट्रेंग्थमध्ये उणे दोन होते. पण कोबोल्ड घेणारा रोग (चोरटा) किंवा सॉर्सररच (मांत्रिक) करायचा, त्याला स्ट्रेंग्थशी देणंघेणंच नसायचं. तो उणे आकडा नंतर काढून टाकला, ते बरं झालं.

आकाराबद्दल थोडक्यात: लार्ज कॅरेक्टर ग्रिडवर चार घरं व्यापतं, अरुंद बोळात मागच्यांची वाट अडवतं. आकार मीडियम ठेवा, ओझं उचलताना लार्ज धरा.

कॅम्पेन अर्ध्यावर आलंय आणि तोल गेलाय

ट्रोल दिसला की प्रत्येक शत्रूच्या हातात मशाल द्यायची, हे करू नका. प्लेअरला ते लगेच कळतं आणि तो दुखावतो. आधी बाकीच्यांना वर आणा. फायटरला चांगली तलवार, रोगला एकट्यानं गाजवायचा प्रसंग द्या. तरीही जमलं नाही तर सेशनआधी त्या प्लेअरला एकट्याला गाठा, रंकाळ्यावर चक्कर मारत बोला. कुठली ताकद त्याला जिवापाड आवडते ते विचारा आणि ती राहू द्या. बाकीच्यांतली एखादी दिवसातून ठरावीक वेळाच वापरायची करा. बदल काय झाला ते पुढच्या सेशनला सगळ्यांसमोर सांगा आणि कॅरेक्टर शीटवर त्याच्याच हातानं लिहून घ्या.