मॉरिशसला जाताय? खाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

मॉरिशसहून परतलेल्या मंडळींना ‘जेवण कसं होतं?’ असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा हॉटेलच्या बुफेबद्दल येतं. पनीर मिळालं, डाळ-भात मिळाला, ब्रेकफास्ट भरपूर होता. डाळपुरी खाल्लीत का, आलुदा प्यायलात का, असं विचारलं तर एकमेकांकडे बघतात. मला याची खरंच हळहळ वाटते. या बेटावर भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, आफ्रिकी आणि फ्रेंच स्वयंपाकघरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी चालली आहेत. तिथे जाऊनही आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलसारखं जेवण जेवून परत यायचं?

यात दोष आवडीनिवडीचा नसतो. जागा चुकते, वेळ चुकते आणि त्याही आधी बुकिंग चुकतं. मॉरिशसचं उत्तम खाणं दिवसा मिळतं, गावात मिळतं आणि पुष्कळदा उभ्याउभ्या खायचं असतं. आपण ते रात्री, किनाऱ्यावर, मेणबत्ती लावलेल्या टेबलापाशी शोधतो.

सगळी जेवणं आधीच विकत घेणं

भारतातून निघणाऱ्या बहुतेक पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं. याला हाफ बोर्ड म्हणतात. काही पॅकेज त्याहून पुढे जातात, तिन्ही वेळचं खाणंपिणं त्यातच येतं. कागदावर हे सोयीचं दिसतं, विशेषतः मुलं आणि आई-बाबा बरोबर असतील तर. पण पैसे भरले आहेत म्हटल्यावर आपण बाहेर जेवायला जात नाही. दुपारी चांगलं खाल्लं असलं तरी रात्री बुफे ‘वसूल’ करायला बसतो. सहा-सात दिवसांच्या सहलीत बेटाची चव घ्यायची एकही मोकळी वेळ उरत नाही.

आधी हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर आहे ते बघा. उत्तरेला ग्रँड बे, पेरेबेर, त्रू ओ बिश किंवा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक इथे राहणार असाल, तर फक्त नाश्ता असलेली खोली घ्या. हॉटेलबाहेर पडून चालत गेलं तरी खानावळी, बेकऱ्या, सुपरमार्केट आणि खाण्याच्या गाड्या मिळतात. पूर्वेला बेल मार किंवा नैर्ऋत्येला ल मोर्नच्या बाजूला राहणार असाल, तर हाफ बोर्ड घेण्यात शहाणपण आहे. तिथली मोठी हॉटेलं वस्तीपासून दूर आहेत, आणि रात्री जेवायला जायचं तर टॅक्सीचे जातायेताचे पैसेच जेवणाइतके होऊ शकतात. अशा ठिकाणी दुपार मात्र नक्की मोकळी ठेवा.

पॅकेज आधीच ठरलं असेल, तर एजंटला दोनच गोष्टी विचारा. रात्रीच्या जेवणाऐवजी एखाद्या दिवशी दुपारचं जेवण घेता येईल का, आणि काही रात्रींचं जेवण वजा करून घेता येईल का. काही हॉटेलं ऐकतात. निघण्यापूर्वी विचारलं तरच, तिथे पोचल्यावर सहसा नाही.

भूक लागल्यावर शोधायला निघणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात सहज टाळता येणारी. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे पहिले दोन दिवस पोट लवकर ओरडतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आपल्या शरीराचे साडेसात. हॉटेलची डायनिंग रूम अजून उघडलेली नसते, आणि दिवसभर गरमागरम खाणं विकणाऱ्या गाड्या घरी गेलेल्या असतात.

डाळपुरीची गाडी सकाळी लागते आणि माल संपला की उठते. चांगल्या गाडीवरचा माल दुपारीच संपतो. पोर्ट लुई हे राजधानीचं शहर नोकरदारांवर चालतं. साडेअकरा ते दीडच्या दरम्यान तिथल्या सेंट्रल मार्केटच्या आसपास गर्दी उसळते, संध्याकाळी पाचनंतर तेच रस्ते ओस पडतात. रविवारी बाजार दुपारपर्यंतच. म्हणून पोर्ट लुई बघायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. आप्रवासी घाट बघा. 1834 पासून भारतातून आणलेले करारबद्ध मजूर याच धक्क्याच्या पायऱ्या चढून बेटावर आले. 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. तिथून बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या लोकांनी ही डाळपुरी बेटावर रुजवली त्यांची वाट आधी बघून मग ती खाणं, यासारखा क्रम नाही.

डाळपुरी म्हणजे गूळ न घातलेली, मिठाची पुरणपोळी म्हणा. हरभऱ्याच्या जातीची पिवळी डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पोळीत भरतात आणि पातळ लाटतात. ती जोडीने विकतात. दोन पुऱ्यांवर पांढऱ्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची, म्हणजे तिथल्या ‘ग्रो प्वा’ची रस्सा भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाट मसालेदार रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालून कागदात गुंडाळून हातात देतात. किंमत रिसॉर्टमधल्या चहाच्या कपापेक्षाही कमी. रोझ हिलचं देवा अँड सन्स हे नाव त्यासाठी बेटभर प्रसिद्ध आहे, पण जवळजवळ प्रत्येक गावाची आपली एक आवडती गाडी असते. रांग बघा आणि उभे राहा. मिरचीची चटणी जहाल असते, आपल्या ठेच्याची सवय असली तरी पहिल्यांदा ‘ती पिमां’, म्हणजे थोडीच मिरची, असं सांगा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, कार्ड चालेल असं धरू नका.

रात्री आठ वाजता गावात अडकलातच, तर चिनी पद्धतीच्या नूडल्सची गाडी शोधा. परतलेल्या नूडल्सना ‘मिन फ्री’ म्हणतात आणि त्या संध्याकाळीही मिळतात. याहून चांगला उपाय म्हणजे दुपारी तीन-चारला गातो पिमां आणि समोसे घेऊन खोलीत ठेवणं. गातो पिमां हा छोटा, मिरची घातलेला डाळवडाच. लोणी लावलेल्या पावात घालून तो सकाळी खातात, गार झाला तरी बरा लागतो.

‘इंडियन’ पाटी बघून आत शिरणं

पर्यटक भागातल्या अशा बऱ्याच ठिकाणी उत्तर भारतीय हॉटेलांचाच मेनू असतो: नान, बटर चिकन, पनीर. मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या घरांत रोज हे शिजत नाही. घरचा स्वयंपाक वेगळा आहे आणि मराठी माणसाला तो पटकन आपला वाटतो, फक्त पाटीवरची नावं ओळखता आली पाहिजेत. ‘ब्रेद’ म्हणजे पालेभाजी. ब्रेद सोंज हा अळूचा पाला, ब्रेद मुरूम हा शेवग्याचा. लालो म्हणजे भेंडी, मार्गोज म्हणजे कारलं, पिपांगाय म्हणजे दोडका. आशार हे मोहरी-हळदीतलं भाज्यांचं लोणचं. विंदाय म्हणजे मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा, हा गारच खातात. खानावळीच्या फळ्यावर हे शब्द दिसले की बसा. दुपारी भात, डाळ, पालेभाजी, चटणी आणि एक कढी किंवा रुगाय, असं ताट मिळतं. मला तरी कुठल्याही बुफेपेक्षा ते प्रिय आहे.

‘सेत कारी’ हा शब्द लक्षात ठेवाच. केळीच्या पानावर भात आणि सात भाज्या, संपूर्ण शाकाहारी. हे मूळचं देवकार्याचं आणि लग्नाचं जेवण, पण काही खानावळींत ठरावीक दिवशी मिळतं. हॉटेलच्या साफसफाईच्या मावशींना किंवा ड्रायव्हरला विचारा, त्यांना ठाऊक असतं.

मराठी वंशाची कुटुंबंही बेटावर आहेत. कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या मजुरांचे हे वंशज. आता बहुतेकांच्या घरात बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीत होतं, पण गणपती घरोघरी बसतो. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे बरीच दुकानं बंद, हे त्या काळात जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. महाशिवरात्रीच्या आसपास गेलात तर गंगा तलावाकडे चालत निघालेल्या यात्रेकरूंना रस्त्यात ठिकठिकाणी लोक खाऊ-पाणी देताना दिसतील.

‘व्हेज’ म्हटलं की काम झालं, असं समजणं

मॉरिशसमध्ये शाकाहार कळतो. उपासतापास करणारी माणसं घराघरात आहेत. तरीही काही पदार्थ फसवतात. मिन फ्रीमध्ये अंडं असू शकतं, शिवाय ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांपासून केलेला सॉस, घालण्याची पद्धत आहे. बुलेत, म्हणजे उकडलेले चिनी गोळे, यातला चायोते या दुधीसारख्या फळभाजीचा गोळा दिसायला शुद्ध भाजीचा. पण त्यात सुकी कोळंबी घालतात आणि ज्या रश्शात तो देतात तोही बहुधा सामिष असतो. बोल रांवेर्से या उपड्या केलेल्या वाडग्याच्या भातावर अंडं येतंच. म्हणून ‘व्हेज आहे का’ एवढंच न विचारता ‘अंडं, मासा, कोंबडी, ऑयस्टर सॉस काहीच नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा. तळणीच्या गाडीवर एकाच कढईत मासे तळतात का तेही बघा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी डाळपुरीची नुसती पोळी चालते, वरच्या भाजीत आणि रुगायमध्ये मात्र दोन्ही असतात. बरोबर घरची कोरडी चटणी न्या. आलुदा निर्धास्त प्या: थंड दूध, सब्जा, आगर-आगरच्या शेवया आणि सरबत. सेंट्रल मार्केटमध्ये ते प्यायला स्थानिक लोकही थांबतात.

कॅटामरानची सहल किंवा इल ओ सेर बेटाची फेरी घेणार असाल तर त्यातलं दुपारचं जेवण बहुधा कोळशावर भाजलेली कोंबडी आणि मासा असतं. शाकाहारी ताट हवं असल्याचं बुकिंग करतानाच सांगा आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. बोटीवर चढल्यावर सांगितलंत तर कोशिंबीर आणि पाव यावर भागवावं लागेल. सहल बुधवारी किंवा रविवारी असेल तर आणखी सोपं: त्या दिवशी फ्लाकचा मोठा बाजार भरतो, तो पूर्व किनाऱ्याच्या वाटेवर आहे. तिथून खाणं बांधून घ्या.

माशाचा भाव न विचारता मासा मागवणं

समुद्रासमोरचं टेबल महाग असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. एखाद्या संध्याकाळी जरूर बसा. पण ‘आजचा ताजा मासा’ आणि लॉब्स्टर यांचा भाव पुष्कळदा वजनावर असतो आणि मेनूत आकडा नसतो. आधी मासा दाखवायला सांगा, समोर वजन करून घ्या, एकूण रक्कम विचारा आणि मगच होकार द्या. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचा. मॉरिशसमध्ये 15 टक्के व्हॅट आहे आणि तो दाखवलेल्या किमतीत धरलेला आहे की वेगळा, यावर बिल बरंच बदलतं.

मालवण-रत्नागिरीकडच्या खवय्यांनी सुरमई-पापलेट शोधत बसू नये. कापितेन, व्हिये रूज हे तिथल्या खडकाळ समुद्राचे मासे, मांस पांढरं आणि घट्ट. स्मोक्ड मार्लिन तर खायलाच हवा, पातळ चकत्या आणि वर लिंबू. ऑक्टोपसची आमटी सुंदर होते, पण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस धरायला बंदी असते. त्या काळात ‘ताजा ऑक्टोपस’ म्हणून कोणी आग्रह केला तर दुसरं काही मागवा. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा ऐन काळ. वादळ नुकतंच होऊन गेलं असेल तर होड्या किनाऱ्यालाच असतात, मग कोंबडीचं रुगाय बरं.

ड्रायव्हर नेईल तिथे जेवणं

दक्षिणेच्या एकदिवसीय फेरीत गंगा तलाव आणि शामारेलची रंगीत माती येते आणि दुपारचं जेवण ठरलेल्या एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये होतं. अशा ठिकाणी कमिशनची व्यवस्था असणं जगभर सर्रास चालतं. ड्रायव्हरशी भांडू नका, सकाळी निघतानाच सांगा: ‘तुम्ही जिथे जेवता तिथे आपण सगळे जेवू, तुमचं बिल आमच्याकडे.’ या एका वाक्याने दिवस बदलतो. शामारेल गावात घरगुती क्रिओल जेवण देणारी ठिकाणं आहेत, काही ठिकाणी आदल्या दिवशी कळवावं लागतं. परतताना गंगा तलावाजवळच्या ब्वा शेरीच्या चहामळ्यात व्हॅनिलाचा चहा घ्या.

शेवटचा दिवस लोक खोलीत बॅगा भरण्यात घालवतात आणि विमानतळावर सँडविच खातात. विमानतळ माहेबूर गावापासून अगदी जवळ आहे. परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर बॅगा गाडीत टाकून तासभर आधी माहेबूरला उतरा. सोमवार असेल तर मोठा बाजार भरलेला असतो. फराटा म्हणजे तिथला पराठा, गातो पिमां, मीठ-मिरची लावलेलं अननस तिथे मिळतं, अननस मात्र समोर कापून घ्या. आशारची बाटली घेतलीत तर ती चेक-इनच्या बॅगेत ठेवा, हातातल्या सामानातून काढून घेतील.