एमजीबीचे पुढचे टायर एका बाजूने का झिजतात, हे घरच्या घरी कसे ओळखावे

जुन्या स्पोर्ट्स कारचा पुढचा टायर एका बाजूने झिजू लागला की आपण थेट व्हील अलाइनमेंटचे दुकान गाठतो. माझा आग्रह मात्र उलट क्रमाचा आहे: आधी टायर वाचावा, मग जोडांमधला ढिलेपणा शोधावा आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे बनलेल्या एमजीबीच्या पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलण्याची सोय मुळातच नाही, फक्त टो (चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलता येतो. त्यामुळे किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते तो उभा खिळा) किंवा बुश (सांध्यातले अस्तर) सैल असताना यंत्रावर जुळवलेले आकडे पहिल्याच खड्ड्यात हलतात. नेरुळला असताना एका पावसाळ्यात मी दोनदा अलाइनमेंट करून घेतले, तरी गाडी डावा टायर आतून खातच राहिली. दोष किंगपिनचा होता आणि तो ओळखायला एक जॅक व एक मदतनीस पुरला असता.

सुरुवात हवेपासून करावी. या गाडीच्या रेडियल टायरांना पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा सांगितलेली आहे, पण पेट्रोल पंपावर सवयीने ३०-३२ भरली जाते आणि मग टायरचा मधला पट्टा आधी झिजतो. हवा कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

त्यानंतर तळहाताचे काम. टायरवर हात हलकेच बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे फिरवावा आणि मग तसाच उलट आणावा. आत जाताना रबर गुळगुळीत लागते, पण बाहेर येताना प्रत्येक पट्टीची धार करवतीच्या दात्यासारखी बोटांना अडते, असे असेल तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकांची पुढची टोके आत वळली आहेत. हेच उलट जाणवले तर टो-आउट आहे, म्हणजे ती बाहेर वळली आहेत. एकच कड झिजलेली असून हात दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीत फिरत असेल, तर संशय कॅम्बरवर घ्यावा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागत असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा चाकाचे बॅलन्सिंग तपासावे. नवी मुंबईत जागोजागी सर्कल आहेत आणि आपण त्यांना उजवीकडे वळत वळसा घालतो, त्या वेळी भार डाव्या पुढच्या चाकावर येतो. म्हणून वेगाने वळणाऱ्याच्या डाव्या टायरची बाहेरची कड थोडी जास्त झिजली, तर तेवढ्यावरून गाडीत दोष आहे असे मानू नये.

आता ढिलेपणाची तपासणी, आणि इथे घाई करू नये. मागच्या चाकांना अडण लावून जॅक खालच्या विशबोनवरील (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हातावरील) स्प्रिंगच्या पॅनखाली लावावा, म्हणजे स्प्रिंगचा दाब किंगपिनवर राहत नाही आणि लपलेला प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, उघड होतो. गाडीखाली भक्कम स्टँड हवाच. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून हलवावे. खडखड जाणवली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच खडखड थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे; ती तशीच राहिली तर किंगपिन किंवा त्याची बुश झिजली आहे. चाक ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि स्टिअरिंग रॅक (त्या दांड्यांना डावी-उजवीकडे सरकवणारी पट्टी) यांचा प्ले कळतो. खालच्या विशबोनच्या रबरी बुश टॉर्च धरून पाहाव्यात. रबर एका बाजूला सरकलेले किंवा फाटलेले असेल, तर चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि आतली कड झिजते. स्प्रिंग बसून गाडी खाली आली तरी हेच होते. एमजीबीत लिव्हर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात हाच वरचा विशबोन असतो, म्हणून त्याचा शाफ्ट सैल झाला तरी कॅम्बर बिघडतो; तेलाची गळती हे त्याचे पहिले लक्षण.

किंगपिनला प्रत्येक बाजूस तीन ग्रीस निपल (ग्रीस भरण्याची तोंडे) असतात. चाक उचललेले असतानाच, सांध्यातून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर भर पावसात गाडी चालवली असेल, तर पावसाळा संपताच हे काम करावेच.

ढिले भाग बदलल्यावर टो मोजावा. गाडी सपाट फरशीवर सरळ काही मीटर पुढे ढकलून चाके बसू द्यावीत. मग दोन्ही टायरांवर मध्यभागी खडूने खूण करून ती हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर पुढे आणावी आणि ओळंब्याने फरशीवर उतरवावी. चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकलून तीच खूण मागच्या बाजूस उतरवावी. दोन्ही वेळच्या खुणांमधील अंतर टेपने मोजले असता पुढचे अंतर मागच्यापेक्षा १.५ ते २.३ मिलिमीटरने कमी भरले पाहिजे. फरक दुरुस्त करताना दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत, नाहीतर स्टिअरिंग वाकडे बसते. लॉक नट घट्ट करून ५०० किलोमीटर गाडी चालवावी आणि तळहात पुन्हा एकदा टायरवरून फिरवावा.