स्कॉटलंडच्या हिवाळ्यात बॉथीवर मुक्काम? या चुका टाळा

कळसूबाई १६४६ मीटर आणि ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर. इकडे राहायला आलेला मराठी ट्रेकर हे दोन आकडे शेजारी ठेवतो, हसतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे हिवाळा म्हणजे ट्रेकचा सीझन. इथे आपण ५७ अंश उत्तरेला असतो. कोरोर बॉथीच्या वाटेवर लागणाऱ्या ब्रेमार गावात जानेवारी १९८२ मध्ये पारा उणे २७.२ अंशांवर गेला होता. मी आणि माझा मित्र, दोघंही गडकिल्ले पालथे घातलेले. एका डिसेंबरात आम्ही कोरोरला मुक्कामाला गेलो. आमच्या बहुतेक चुका म्हणजे सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या सवयीच होत्या.

बॉथी म्हणजे डोंगरातलं साधं दगडी खोपटं. कुलूप नाही, बुकिंग नाही, पैसे नाहीत. वीज आणि नळही नाहीत. माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक १९६५ पासून अशी ठिकाणं सांभाळतात. आज ती शंभरच्या आसपास आहेत. केर्नगॉर्म्स या स्कॉटलंडच्या डोंगररांगेतली कोरोर १८७७ सालची, हरणांच्या राखणदारासाठी बांधलेली.

'अंधार पडला तर टॉर्च लावू'

लिन ऑफ डीच्या पार्किंगपासून कोरोर बारा-तेरा किलोमीटर. आम्ही चहा-नाश्ता करून अकराला निघालो. ताशी पाच किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास, हा इथला जुना नेस्मिथचा हिशेब. पण तो कोरड्या वाटेचा. गुडघाभर भुसभुशीत बर्फात वेळ सहज दुप्पट होतो, आणि डिसेंबरात सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो. टॉर्चच्या भरवशावर रात्रीचा गड चढलेल्यांना यात काही वाटत नाही. उडत्या बर्फात मात्र टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. त्यात ल्युबेग ओढा दगडांवरून ओलांडायला जाऊन मित्राचा बूट भरला. पूल थोडासाच वर होता, अंधारात फेरा नको म्हणून टाळला! सूर्यास्तापासून उलटा हिशेब करा आणि उजाडताच निघा. टॉर्च माणशी दोन.

'लाकूडफाटा तिथेच मिळेल'

नाही मिळत. कोरोरच्या आसपास डोळ्यांना दिसेल असं झाड नाही, आणि जिथे आहे तिथेही जिवंत झाड तोडायचं नाही, हा बॉथीचा नियम. चूल असलेल्या बॉथीतसुद्धा जळण आपणच वाहून न्यायचं. शिवाय बॉथी भरलेली असू शकते, म्हणून तंबू सॅकमध्ये हवाच.

गॅस पेटतो पण ज्योत मरतुकडी

आमच्या मॅगीचं पाणी पाऊण तासात कोमटच झालं. साध्या कॅनमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या खाली वायू व्हायला तयार नसतो. प्रोपेन-आयसोब्यूटेन मिश्रणाचं हिवाळी कॅन घ्या, रात्री ते स्लीपिंग बॅगेत घ्या, आणि वापरताना बर्फावर किंवा थंड फरशीवर न ठेवता मॅटच्या तुकड्यावर ठेवा. थंडी आत येते म्हणून दार-खिडकी गच्च बंद करून स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. नळीवाली पिशवी घरीच राहू द्या. जीन्स आणि सुती टी-शर्टही. चढताना आलेला घाम थांबल्यावर अंगावर गार पडतो. झोपेपुरते कोरडे मोजे वेगळे बांधून ठेवा.

'इतकं लांब आलोय, तर शिखर करूच'

ही खरी धोक्याची. बॉथीच्या डोक्यावरच १००४ मीटरचं डेव्हिल्स पॉइंट आहे. सकाळी आभाळ निळं होतं, वारा पडलेला होता. मित्र म्हणाला, "चल रे, दोन तासांचं काम आहे." वाट कोरी ओडर नावाच्या डोंगरातल्या खोलगट भागातून जाते, आणि तिच्या वरच्या उभ्या उतारावर वाऱ्याने आणून टाकलेलं बर्फ साचतं. असा थर निळ्या आभाळाखालीही सुटतो. आम्ही हवामान पाहिलं होतं, हिमस्खलनाचा अंदाज नाही. तो डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत रोज निघतो, दक्षिण केर्नगॉर्म्ससाठी वेगळा. आदल्या दिवशी रेंज असताना वाचायचा. बॉथीत तिचा भरवसा नाही.

आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे टोकदार खिळे) आमच्याकडे होते, पण वापरायचा सराव जेमतेम. मला जायचं नव्हतं, तरी तो नाराज होईल म्हणून मी अर्धा तास बुटांच्या नाड्या बांधत बसलो. शेवटी बोललो. तो चिडला, सामान आवरलं, तासभर गप्प चालला. आता निघण्याआधीच ठरतं: एकाने 'परत' म्हटलं की परत, कारण विचारायचं ते गाडीत.

निरोप अर्धाच ठेवणं

वाट आणि परतायची वेळ घरी कुणाला तरी लिहून द्या. अडचणीत ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. आम्ही शेजारच्या काकूंना संध्याकाळी सातची वेळ दिली होती. ब्रेमारला फिश अँड चिप्स खात बसलो, फोन थंडीने बंद पडून सॅकच्या तळाशी. साडेआठला चार्जरला लावला तेव्हा काकूंचे अकरा मिस्ड कॉल होते.