डेको प्लॅनर निवडताना: लॅपटॉपवरचे आकडे आणि मनगटावरचे आकडे

तारकर्लीला पहिला स्कूबा कोर्स केलेल्या एका मुलाचा परवा फोन आला. "ताई, टेक कोर्सला (टेक्निकल डायव्हिंगच्या) चाललोय. डेको प्लॅनिंगला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? सगळ्यात चांगलं कोणतं?" फोनवर घाईत जे सांगितलं ते अर्धंच होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. डेको म्हणजे डीकम्प्रेशन. डेको डाइव्हमध्ये अंगात इतका वायू विरघळलेला असतो की सरळ वर येता येत नाही, ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावंच लागतं. ते थांबे सॉफ्टवेअर काढून देतं. पण ते कोर्सची जागा घेत नाही. प्लॅन वाचता येत नसेल तर तो पाण्यात नेऊ नका.

मी टेक शिकले इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्राकाठच्या दहाबला. कोर्स संपल्यावरची डाइव्ह होती: ५० मीटर, बॉटम टाइम (पाण्यात उतरल्यापासून वर यायला निघेपर्यंतचा वेळ) २० मिनिटं, पाठीवर २१/३५ ट्रायमिक्स म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन आणि ३५ टक्के हेलियम. वर येताना २१ मीटरवर नायट्रॉक्स (५० टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन), ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. प्लॅन मी आदल्या रात्री लॅपटॉपवर काढला आणि पेन्सिलीने स्लेटवर, म्हणजे पाण्यात न्यायच्या पाटीवर, उतरवला. ६ मीटरवर स्लेटप्रमाणे वेळ संपली. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, अंगठा वर केला: वर चल. मी मनगटाकडे पाहिलं तर तिथला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणत होता, अजून सात मिनिटं. मी मनगट त्याच्या मास्कसमोर धरलं, त्याने आपलं मनगट माझ्यासमोर धरलं. दोन्ही कॉम्प्युटरचं एकमत होतं, स्लेट एकटी वेगळी पडली होती. ऑक्सिजन पुरेसा होता, सात मिनिटं थांबलो, काही झालं नाही. पण ती सात मिनिटं मी फक्त सिलिंडरच्या गेजकडे बघत काढली.

चूक माझी होती. कॉम्प्युटरवर ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे किती सावधपणे वर यायचं ते ठरवणारे दोन आकडे, ३०/७० होता. लॅपटॉपवर मी रात्री वेगवेगळे आकडे घालून बघत होते आणि ४०/८५ तसाच राहिला. सॉफ्टवेअरने बरोबर गणित केलं होतं, फक्त वेगळ्या प्रश्नाचं.

तेव्हापासून माझा पहिला निकष हाच: मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये जे मॉडेल आहे तेच प्लॅनरमध्ये हवं, आणि सेटिंग एका नजरेत दिसायला हवीत. आज बहुतेक टेक कॉम्प्युटर झुरिकच्या ब्यूलमान यांच्या झेडएचएल-१६ या मॉडेलवर चालतात. त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे मानले आहेत; काही कप्पे थोड्या मिनिटांत भरतात-रिकामे होतात, काहींना तासच्या तास लागतात. त्यावर एरिक बेकर यांचे ग्रेडियंट फॅक्टर. पहिला आकडा ठरवतो की पहिला थांबा किती खोल येणार; दुसरा ठरवतो की पृष्ठभागावर पोचताना मॉडेलच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं. हे दोन आकडे समजले की निम्मं काम झालं.

दुसरं मॉडेल व्हीपीएम-बी. ते बुडबुड्यांचा विचार करतं आणि खोल थांबे देतं. एके काळी टेक डायव्हरांत त्याचा फार बोलबाला होता. मग २०११ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाचा अहवाल आला. १७० फूट, ३० मिनिटं, हवेवर, थांब्यांच्या दोन पद्धती, आणि डेकोचा एकूण वेळ दोन्हींत सारखाच. थांबे खोल ठेवले तेव्हा १९८ डाइव्हमध्ये ११ वेळा डीकम्प्रेशन सिकनेस (विरघळलेल्या वायूचे अंगात बुडबुडे होऊन होणारा आजार) झाला, उथळ ठेवले तेव्हा १९२ मध्ये ३ वेळा. तिथलं मॉडेल व्हीपीएम-बी नव्हतं, गॅसही वेगळा होता, म्हणून एका ओळीत निकाल लावू नये. पण खूप खोल थांबे आपोआप जास्त सुरक्षित, हे मी तरी आता कुणाला सांगणार नाही. नवशिक्याने ब्यूलमानवरच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावं विचाराल तर दोन. सबसर्फेस फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्स यांनीच २०११ मध्ये ते सुरू केलं. डाइव्हची नोंदवही आणि प्लॅनर एकातच, त्यामुळे प्रत्यक्ष डाइव्ह प्लॅनशेजारी ठेवून बघता येते. मल्टिडेको विकत घ्यावं लागतं, पण स्लेटवर उतरवायला तक्ता सुटसुटीत मिळतो. दोन्हींत दोन्ही मॉडेलं आहेत. सुरुवातीला पैसे खर्च करायची गरज नाही. ते पैसे ऑक्सिजनच्या बिलाला लागतील.

ज्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात ते म्हणजे गॅसचं गणित. प्लॅनर थांबे दाखवतो, पण तुमचा श्वासाचा दर तुम्हीच घालायचा असतो. समजा ५० मीटरवर बडीचा गॅस गेला आणि दोघं तुमच्या पाठीवरच्या गॅसवर २१ मीटरपर्यंत आलात. दर माणशी मिनिटाला पृष्ठभागावर २० लिटर (५० मीटरवर दाब सहापट, म्हणून गॅसही सहापट), खाली सावरायला एक मिनिट, वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटर, २१ वर गॅस बदलायला एक मिनिट. सुमारे ९५० लिटर. १२-१२ लिटरच्या जोड सिलिंडरमध्ये हे ४० बार (गेजवरचं दाबाचं एकक) झाले. पण घाबरलेला माणूस २० लिटरवर थांबत नाही. ३० धरा, तोच आकडा ६० बारवर जातो. मधले खोल थांबे यात धरलेलेच नाहीत. हे गणित एकदा तरी हाताने, कागदावर करा आणि मग प्लॅनरच्या उत्तराशी ताडून पाहा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये राखीव गॅस कुठून आला हे कळत नाही, ते मी वापरत नाही.

तसंच "पाच मिनिटं उशीर, तीन मीटर खोल" असे पर्यायी तक्ते आणि डेको गॅस हरवल्याचा तक्ता सहज निघायला हवा. हरवतो. डेको गॅसच्या वेगळ्या, स्टेज सिलिंडरचा रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) गळतो, व्हॉल्व्ह उघडत नाही.

आणि बडीचे आकडे. पाण्यात उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचे ग्रेडियंट फॅक्टर, गॅस आणि शेवटचा थांबा ३ मीटरवर की ६ मीटरवर हे मोठ्याने वाचायचं. दहाबनंतर मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

त्या मुलाला मी एवढंच काम दिलं: सबसर्फेस उतरव, वरचीच ५० मीटरची डाइव्ह घाल आणि एका वेळी एकच सेटिंग बदलून दर वेळी एकूण वेळ वहीत लिही. रात्री साडेअकराला वहीच्या पानाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "ताई, पहिला आकडा ३० वरून २० केला तर पहिला थांबा खाली गेला, पण शेवटचे थांबे कमी न होता वाढलेच. असं का?" मी त्याला लगेच फोन लावला.