छोट्या कुत्र्याला दुकानात नेताना: निघण्याआधीची तयारी

शिह-त्झू, पग, पॉमेरेनियन, डॅशहाउंड असा चार ते आठ किलोंचा कुत्रा घरात असला की कधी ना कधी त्याला घेऊन बाजारात जायची वेळ येतेच. मागे घरात थांबायला कोणी नसतं, किंवा डॉक्टरांकडून परतताना वाटेतली दोन कामं उरकायची असतात. अशा वेळी सगळ्यात आधी काट मारायची ती खरेदीच्या यादीला. फार तर तीन वस्तू, एकच रस्ता, पाऊण तासात परत. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, महिन्याचा किराणा ही कामं कुत्र्यासोबत होत नाहीत. ना धड खरेदी होते, ना कुत्र्याकडे लक्ष राहतं.

मग दुकान ठरवायचं. किराणा, बेकरी, मिठाई, चिकन-मटणाचं दुकान आणि भाजीचं सुपरमार्केट सरळ वगळा. खाद्यपदार्थ हाताळतात तिथे प्राणी नकोत, हे स्वच्छतेच्या अटींमधलंच आहे. दुकानदार नाही म्हणाला तर त्यात त्याचा आकस नसतो. साड्यांचं दुकानही नको. गादीवर पांढरी चादर, तिच्यावर उलगडलेले पदर, आणि केसाळ कुत्रा. औषधांचं काम काउंटरच्या बाहेर उभं राहून होतं. नीट जमतं ते हार्डवेअर, स्टेशनरी, चष्म्याचं दुकान, शिंपी, फर्निचर आणि रोपवाटिका इथे. रोपवाटिकेत एक पथ्य पाळा: हाडांच्या चुऱ्याचं खत कुत्र्यांना खाऊसारखं वाटतं आणि गोगलगायींसाठी टाकलेली औषधं विषारी असतात, म्हणून तिथे त्याला जमिनीवर मोकळं फिरू देऊ नका.

आदल्या दिवशी फोन करा आणि प्रश्न नेमका विचारा. ‘कुत्रा चालेल का?’ असं विचारलं की पलीकडचा माणूस ‘हो, या’ म्हणून मोकळा होतो आणि दारातला सिक्युरिटीवाला दुसऱ्या दिवशी अडवतो. त्यापेक्षा असं विचारावं: कुत्रा पायी चालेल की पिशवीतच हवा? कुठल्या दाराने यायचं? लिफ्ट कुठली वापरायची? ‘हो’ म्हणणाऱ्याचं नावही विचारून ठेवावं. मॉल ‘पेट फ्रेंडली’ असला तरी आतलं प्रत्येक दुकान तसं असेलच असं नाही, आणि फूड कोर्ट तर बहुतेक ठिकाणी वर्ज्यच असतं. आपल्या जागेत कुत्रा येऊ द्यायचा की नाही, हे शेवटी दुकानदार ठरवतो. दारात वाद घालून आत शिरलेल्या कुत्र्याकडे सगळं दुकान डोळे वटारून बघतं आणि पुढच्या कुत्रेवाल्यालाही दार बंद होतं.

वेळ ठरवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात, गर्दी आणि ऊन. आठवड्याच्या मधल्या वारी दुकान उघडल्या उघडल्या जाणं उत्तम. पुण्यात एक ते चारच्या आशेवर जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मात्र दुकानं उघडेपर्यंत डांबर तापलेलं असतं. हवा ३० अंशांची असली तरी उन्हातला रस्ता ५० च्या पुढे जातो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. एप्रिल-मेमध्ये गाडीपासून दारापर्यंत उचलूनच न्यायचं. पग किंवा शिह-त्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना दुपारी नेऊच नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि या जातींना तेच नीट जमत नाही. गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके चालू असताना बाजाराचा विचार सोडून द्यावा.

कागदपत्रांपैकी रेबीजच्या लसीची नोंद सगळ्यात महत्त्वाची. लसीकरणाच्या पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये हवा, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का दिसेल असा. पुणे-मुंबईत महापालिकेचा परवानाही लागतो, त्याचाही फोटो ठेवा. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस चालू वर्षाची आहे ना, हे बघा. हा आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, आणि बाजारातल्या डबक्यांची खात्री कोण देणार? साधारण चार महिन्यांच्या आतलं, लसींचा पहिला कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू दुकानात नेऊच नका, कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात तर अजिबात नाही. तिथल्या फरशीवर रोज कुठकुठले कुत्रे येऊन जातात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. मादी माजावर असेल तर ते तीन आठवडे बाजार बंद, नाहीतर गल्लीतले सगळे नर मागे लागतील.

आता सामान. छोट्या कुत्र्याला गळपट्ट्याला ओढून नेऊ नये. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा जातींत श्वासनलिका दबण्याचा त्रास आढळतो आणि प्रत्येक हिसक्याने तो वाढतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. तीन सरकली तर घाबरलेला कुत्रा मागे-मागे सरकत त्यातून निसटतो. घरी एकदा करून बघा: समोर बसून दोरी हलकेच आपल्याकडे ओढायची. हार्नेस कानांपर्यंत सरकून आला तर तो सैल आहे. केस कापून आणल्यावर हे माप बदलतं, ते लोक विसरतात. गळपट्टाही असू द्या, पण फक्त फोन नंबरचा बिल्ला लावण्यापुरता. दोरी साधी, सपाट, सव्वा मीटरची. बटण दाबून लांब होणारी दोरी दुकानात नको, कारण बारीक दोरीत अडखळून एखाद्या आजी पडू शकतात, आणि आपल्याला दिसायच्या आत कुत्रा पुढच्या रांगेत पोचलेला असतो.

पाच-सहा किलोंपर्यंतच्या कुत्र्यासाठी गळ्यात अडकवायची पिशवी किंवा समोर लावायची बॅग बरी पडते. तळ कडक हवा. मऊ झोळीत कुत्रा मध्येच दुमडून बसतो आणि पाठीवर ताण येतो. डॅशहाउंडच्या लांब पाठीला तर हे फारच वाईट, त्याच्यासाठी सपाट तळाचा कॅरियर घ्या. पिशवीच्या आत एक छोटी कडी असते. ती हार्नेसला अडकवायची, गळपट्ट्याला नाही. कुत्र्याने उडी मारली तर गळपट्टा गळफास होतो, हार्नेस त्याला पेलून धरतो. कडीची पट्टी इतकीच लांब ठेवा की त्याला बसता आणि वळता यावं, पण पुढचे पाय बाहेर टाकून उभं राहता येऊ नये.

सामानाच्या पिशवीत तीनशे मिली पाणी आणि घडीची वाटी, शीच्या चार पिशव्या, वर्तमानपत्राची दोन-चार पानं, टिश्यू, बिनवासाचे ओले वाइप्स, एक जुना टॉवेल आणि एन्झाइमवाल्या क्लीनरची छोटी स्प्रेची बाटली भरा. फिनेल भरू नका. ते कुत्र्याला अपायकारक असतं, आणि आपल्याला वास गेल्यासारखा वाटला तरी त्याच्या नाकाला लघवीची खूण सापडतेच. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याच्या निम्मे असे वीसेक तुकडे. तुकडे मोठे केले तर पहिल्या दुकानातच पोट भरतं आणि पुढे लाच चालत नाही. नर कुत्र्याला पाय वर करायची सवय असेल तर पोटाला गुंडाळायचा कापडी पट्टा घाला. खालच्या फळीवरची पोती, खोकी, लोंबणारे पडदे त्याला खांबासारखेच दिसतात.

पण पिशवी भरणं सोपं आहे, कुत्र्याची तयारी त्याहून जास्त वेळ खाते. आठ-दहा दिवस आधीपासून त्याची बसायची पिशवी घरात उघडी ठेवून द्या, आत खाऊ टाका, त्याला स्वतःहून आत जाऊ द्या. मग उचलून घरातल्या घरात दोन मिनिटं, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. दुकानासाठी तीन हुकूम पक्के हवेत: ‘बस’, ‘सोड’ आणि ‘थांब’. त्यातही ‘सोड’ सगळ्यात मोलाचा, कारण जमिनीवर पडलेला शुगर-फ्री च्युइंगम (त्यात झायलिटॉल हा कुत्र्यांना विषारी असलेला गोड पदार्थ असू शकतो), चॉकलेटचा तुकडा किंवा मनुका यांतलं काहीही छोट्या देहाला थोडंसुद्धा घातक ठरू शकतं. एकदा दुकानाच्या बाहेर पाच मिनिटं नुसतं उभं राहून परत या, काहीही न घेता. शटर, हातगाडी, हॉर्न ऐकूनही तो तुमच्या हातातला खाऊ घेतो का ते बघायचं. घेत नसेल तर तो घाबरलेला आहे, आत न्यायची वेळ अजून आलेली नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस आणि नखं आधीच कापून घ्या. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतोच, त्यात घसरणं नको.

निघायच्या दिवशी खाणं दोन-तीन तास आधी आणि नेहमीच्या निम्मं. नंतर पंधरा-वीस मिनिटं फिरवून शी-शू दोन्ही उरकून घ्या. नुसती शू झाली म्हणून निघू नका. रिक्षात त्याला मांडीवर, दाराच्या उलट्या बाजूला घ्या आणि दोरी मनगटात अडकवा. कारमध्ये मागच्या सीटवर, हार्नेस पट्ट्याला बांधून; पुढे एअरबॅग असते. आणि ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून काचा खाली करून त्याला गाडीत ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं, आणि बोटभर उघडलेल्या काचेने फारसा फरक पडत नाही.

दुकानाच्या पायरीवर आधी नजर टाका. आपल्याकडे बऱ्याच दुकानांच्या पायरीवर तिथला ठरलेला कुत्रा झोपलेला असतो, तोच खरा मालक. त्याला ओलांडून छोटा कुत्रा आत नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. दुकानदाराला हाक मारून त्याला बाजूला घ्यायला सांगा. रस्त्यात भटके कुत्रे जवळ आले तर पळू नका आणि आपल्या कुत्र्याला डोक्यावर उंच धरू नका, त्याने ते उड्या मारतात. पिशवीत घालून झाकण लावायचं आणि त्यांच्याकडे तोंड ठेवून हळूहळू बाजूला सरकायचं.

सरकत्या जिन्यावर त्याला पायी कधीच चढवू नका. पायऱ्या जिथे आत जातात त्या दातऱ्यांमध्ये नखं आणि लांब केस अडकतात. लिफ्टमध्येही उचलूनच शिरा. दोरी आत, कुत्रा बाहेर आणि दार बंद, हा अपघात क्षणात होतो. खरेदीच्या ट्रॉलीत बसवणंही टाळा. जाळीत पाय अडकतात, आणि त्याच ट्रॉलीत नंतर कोणीतरी पालेभाजी ठेवणार असतं. ट्रायल रूमच्या दाराखाली वीतभर फट असते, तिच्यातून छोटा कुत्रा सहज निसटतो, म्हणून कपडे घालून बघायचेच असतील तर सोबत दुसरं माणूस हवं. बिल देताना एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पिशव्या असतात. तेव्हा दोरीवर पाय ठेवून उभं राहा, त्याला उभं राहता-बसता येईल इतकीच ढील सोडून.

खरेदीत असताना दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघा. झोप आलेली नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, शेपूट पोटाखाली, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसणं, यांतलं काहीही दिसलं की वस्तू आहे तिथे ठेवून बाहेर पडायचं. ‘चावतो का हो?’ म्हणत मुलं पुढे येतातच. अनोळखी हात लावून घ्यायची सवय नसेल तर ‘नका लावू, घाबरट आहे’ असं सरळ सांगावं, त्यात कसली भीड. गुरगुरला म्हणून त्याला दटावू नका; गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला लावा, लसीचा फोटो आणि आपला नंबर द्या, त्या माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा. निष्काळजीपणे जनावर बाळगून कोणाला इजा होऊ देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फरशीवर शू झाली तर दुकानातल्या माणसाला पोछा मागण्याआधी आपण वर्तमानपत्र टाका, टिपा, स्प्रे मारा, पाच मिनिटं थांबून पुसा. जागा कोरडी होईपर्यंत तिथून हलू नका, कोणी घसरलं तर ते आपल्यामुळे. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर उन्हाचा फटका समजा: सावलीत न्या, पोट, मांड्या आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, बर्फ लावू नका आणि तसंच डॉक्टरांकडे.

घरी आल्यावर आधी पाणी, मग पंजे पुसून बोटांच्या बेचक्या बघा. काच, टाचणी, डांबर, च्युइंगम तिथेच अडकतं. कानामागे आणि काखेत गोचीड चाचपा. पिशवीचं अस्तर धुऊन वाळत घाला, आणि शीच्या जितक्या पिशव्या वापरल्या तितक्या नव्या लगेच भरून ठेवा.