कुंडीतल्या निशिगंधाला जिवाणूखत आणि युरिया दोन्ही कसे द्यावे

मुंबईच्या ग्रिलमध्ये निशिगंध छान येतो, फक्त रोज पाच-सहा तास ऊन हवे. एप्रिल-मेमध्ये बारा इंची कुंडीत तीन कंद लावा. कंद टणक, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे घ्या. मऊ पडलेला कंद घेऊच नका. माती, शेणखत, निचरा हे तुम्हाला माहीत आहेच.

जिवाणूखत, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंची भुकटी, मागितले की दुकानदार रायझोबियम पुढे करेल; ते कडधान्यांसाठी असते, निशिगंधाला त्याचा उपयोग नाही. हवेतले नत्र (नायट्रोजन) बांधणारे ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम मागा आणि सोबत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी. पाकिटावरची मुदत बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात तापलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नका, त्यात जिवंत काही उरलेले नसते.

२५ ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात कालवून कंद पंधरा-वीस मिनिटे बुडवा, सावलीत सुकवून त्याच दिवशी लावा. नळाचे पाणी आदल्या रात्री बादलीत उघडे ठेवा, क्लोरीन बरेचसे उडून जाते. कंदांना बुरशीनाशक लावलेले असेल तर जिवाणू कंदाला न चोळता मुठीभर ओलसर शेणखतात मिसळून मातीत द्या.

आता युरिया. इथे माझेही घोडे बरेच दिवस अडले होते, कारण जो तो सांगतो, ‘जिवाणू टाका, वर चमचाभर युरिया टाका, फुलेच फुले!’ फुले नाही, पाने येतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीत आयते नत्र भरपूर मिळाले की हे जिवाणू हवेतले नत्र बांधायचे काम थांबवतात. शिवाय कोरडा युरिया ज्या जागी पडतो तिथले जिवाणूही मरतात आणि कोवळी मुळेही जळतात. त्यामुळे दोन्ही एका बादलीत कालवणे म्हणजे पैसे गटारात. जिवाणू दिल्यावर युरिया नेहमीपेक्षा पाव भाग कमी करायचा. वरून आणखी घालायचा नाही.

माझा हिशेब असा: चहाचा एक सपाट चमचा युरिया, साधारण ४ ग्रॅम, २ लिटर पाण्यात विरघळवायचा. एका कुंडीला त्यातले ४०० मिली, तेही माती ओली असताना. पहिला हप्ता लावणीनंतर महिन्याने, पुढचे दोन हप्ते महिन्या-महिन्याने. मधे जिवाणू पुन्हा द्यायचे असतील तर युरियापासून निदान दहा दिवस लांब राहा. ही दहा दिवसांची अट कोणी पाळत नाही, आणि मग जिवाणूखत म्हणजे थोतांड, असे सोसायटीभर सांगत फिरतात.

यातले एक-दोन हप्ते नेमके पावसात येतात. संततधारेत दिलेला युरिया कुंडीच्या भोकातून खालच्या मजल्यावर जातो. २०१५पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो, तो सावकाश लागू होतो हे खरे; पण जुलैच्या मुंबईपुढे त्याचेही काही चालत नाही. उघडीप मिळेपर्यंत थांबा. हप्ता आठवडाभर लांबला तर काही बिघडत नाही, मात्र चुकलेला हप्ता पुढच्यात मिळवून दुप्पट देऊ नका.

पाने गर्द होऊन लोळू लागली तर पुढचा हप्ता गाळा. फुलाचा दांडा वर आला की युरिया बंद, फक्त पाणी.